लांडग्याला हसू नये: भयपटात विनोद कसा आणावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मोबाइलवर लघुपट करणारी आणि स्पर्धांसाठी एकांकिका बसवणारी मुले भयकथेकडे मोठ्या हौसेने वळतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना भयकथेत विनोदही हवा असतो, आणि तो आणण्याची रीत बहुधा ठरलेली असते: भुतालाच वेंधळे करायचे, किंवा त्याला पाहून एखाद्या पात्राला धोतर सावरत पळायला लावायचे. प्रेक्षक हसतो हे खरे, परंतु त्यानंतर त्या भुताला कोणी भीत नाही आणि उरलेली गोष्ट विनाकारण चालू राहते. भय आणि हास्य हे दोन रस एकमेकांना न मारता एकत्र कसे नांदवावेत हे शिकायचे असेल, तर माझ्या मते जॉन लँडिस यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला १९८१ सालचा ‘अॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन’ हा चित्रपट समोर ठेवावा आणि एकेक प्रसंग थांबवून पाहावा. पुढे जे सांगत आहे ते त्या चित्रपटातून काय घ्यावे आणि आपल्या मुलखात, आपल्या माणसांत ते कसे उतरवावे याविषयी आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण पाठीवर पिशव्या टाकून इंग्लंडच्या उत्तरेकडील माळरानातून चाललेले असतात. पौर्णिमेच्या रात्री त्यांच्यावर एक श्वापद हल्ला करते. त्यात जॅक मरतो, डेव्हिड जखमी होऊन वाचतो आणि लंडनच्या रुग्णालयात शुद्धीवर येतो. तिथल्या परिचारिकेशी त्याचे प्रेम जुळते, परंतु त्या श्वापदाच्या चाव्यामुळे पुढच्या पौर्णिमेला तो स्वतः लांडगा होणार असतो. लँडिस यांनी ही पटकथा १९६९ साली लिहिली आणि ती पडद्यावर यायला बारा वर्षे लागली, कारण पैसे घालणाऱ्यांना ती भयपट म्हणून फार विनोदी आणि विनोदी चित्रपट म्हणून फार भीतिदायक वाटत होती. तुमची संहिता वाचून कोणी हाच आक्षेप घेतला, तर घाबरून तिच्यातला एक रस पातळ करू नका. आक्षेप घेणाऱ्याला दोन्ही रस जाणवले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की लांडगा कधीही विनोदी असता कामा नये. या चित्रपटात लांडगा एकदाही घसरून पडत नाही, कोणाला पाहून दचकत नाही, त्याच्या तोंडी चटकदार वाक्य नाही. तो येतो तेव्हा माणसे मरतात आणि ती वाईट रीतीने मरतात. विनोद आहे तो भोवतालच्या माणसांच्या वागण्यात: त्यांच्या शिष्टाचारात, सवयींत, आणि जगणे बिनसले तरी आपले नेहमीचेच बोलत राहण्याच्या हट्टात. हे शहाणपण लँडिस यांच्याही आधीचे आहे. १९४८ सालच्या ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’ या निखळ विनोदी चित्रपटात लॉन चेनी धाकटे यांनी लांडगा होणाऱ्या माणसाची भूमिका केली आहे, आणि ती त्यांनी १९४१ साली मूळ भयपटात केली होती तितक्याच गांभीर्याने, आपल्या शापाने पोळलेला माणूस म्हणून केली आहे. दोघे विनोदवीर हवा तेवढा गोंधळ घालतात. तो मात्र त्यांना कळवळून सावध करत राहतो.

हसणारी खोली गप्प कशी करावी

चित्रपटाच्या सुरुवातीला दोघे मित्र भिजत, गारठत एका खेड्यातल्या दारूच्या गुत्त्यात शिरतात. आधी सगळे त्यांच्याकडे रोखून पाहतात. मग हळूहळू वातावरण सैल होते, एक आडदांड गडी मोठ्याने एक किस्सा सांगतो आणि सगळी खोली खदखदून हसते. नेमक्या त्या क्षणी जॅक विचारतो की भिंतीवर तो पाच टोकांचा तारा कशासाठी काढला आहे. हसू तिथेच थिजते. बाण फेकून नेम धरण्याचा खेळ खेळणाऱ्या माणसाचा नेम चुकतो, आणि आपला नेम आजवर कधी चुकला नव्हता म्हणून तो जॅकवरच चिडतो. त्याच्या चिडण्याचे आपल्याला हसू येते आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो, कारण एका साध्या प्रश्नाने त्या माणसाचा हात थरथरला हे आपल्याला कळलेले असते. हसू आणि भय इथे पाळीपाळीने येत नाहीत. ते एकाच वाक्यातून निघतात आणि म्हणून एकमेकांना पुसत नाहीत.

आपल्याकडे हा प्रसंग बसवायचा तर जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एखादे चहाचे हॉटेल घ्यावे. पावसाळा, दुपारी चारलाच अंधारून आलेले, टिळकवाडीचे दोन तरुण मोटारसायकल बाहेर लावून आत आलेले. भजीचा घाणा चाललेला आहे, बाकड्यावर चार माणसे कोणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर हसत आहेत. मग त्यांतला एक तरुण सहज विचारतो, की दाराच्या चौकटीला हे एवढे खिळे कशाला ठोकलेत? हॉटेलवाल्याने उत्तर देऊ नये. त्याने फक्त दिलेले पैसे परत करावेत आणि म्हणावे, “चहाचं राहू दे. पण डांबरी सोडून आत जाऊ नका.” चहाचे पैसे न घेणे हे आपल्याकडे आपुलकीचे लक्षण आहे, इथे तेच भीतीचे होते. अशी जागा शोधा, जिथे नेहमीची चांगली वागणूक थोडी अवेळी आल्यामुळे काळजात चर्र होते.

सीमाभागातल्या लेखकांना एक मोह हमखास होतो, त्याविषयी इथेच सांगतो. मराठी-कन्नडच्या गैरसमजावर विनोद बेतू नका. भाजीवाल्या मावशीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत आपल्या भागातला जवळजवळ प्रत्येक जण गरजेपुरते दोन्हीकडचे बोलतो, त्यामुळे धोक्याची सूचना भाषेमुळे कळली नाही असे दाखवले तर ते इथल्या प्रेक्षकाला खोटे वाटेल, आणि खोट्या पायावर भय उभे राहत नाही. सूचना नीट कळूनही तरुणांनी ती मानली नाही, हे अधिक खरे आहे आणि अधिक भयंकरही.

पौर्णिमेचा प्रश्न

पाश्चात्त्य प्रेक्षकाला पौर्णिमा आणि लांडगा यांचे नाते आता सांगावे लागत नाही. आपल्याकडे भीतीची रात्र अमावस्येची; तिकटीवर उतारा दिसतो तो अमावस्येनंतर. पौर्णिमा म्हणजे सत्यनारायण, पौर्णिमा म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरची यात्रा, पौर्णिमा म्हणजे कोजागरीचे मसाला दूध. म्हणून गोष्ट अमावस्येला हलवावी असे काही जण सुचवतील. तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. अमावस्या म्हटली की आपला प्रेक्षक मुंजा, खवीस, देवचार हे सगळे आपल्या मनातून घेऊन येतो आणि तुमच्या लांडग्याला जागा उरत नाही. शिवाय पौर्णिमा आनंदाची रात्र असणे हाच तुमचा मोठा फायदा आहे, कारण विनोदासाठी लागणारी भरलेली गच्ची, गप्पा, गाणी आणि एकमेकांची थट्टा करणारी माणसे तिथे आयती मिळतात. फक्त पौर्णिमेला माणूस लांडगा होतो हा नियम प्रेक्षकाला लवकर, एकदाच आणि स्पष्ट शब्दांत सांगून टाकावा, आणि तो थट्टेखोर पात्राच्या तोंडी देऊ नये. शेतात बकरी बसवायला आलेल्या धनगराने रात्री वाघर, म्हणजे कळपाभोवतीचे जाळे, ठोकता ठोकता, मान वर न करता तो सांगावा. असा माणूस कामात असतो आणि त्याला कोणावर छाप पाडायची नसते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते.

मेलेला मित्र

चित्रपटाचा खरा प्राण मला मेलेल्या जॅकच्या भेटींत दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो. डेव्हिड रुग्णालयात असताना जॅक प्रथम येतो तेव्हा त्याचा गळा फाटलेला आहे, मांसाचा एक तुकडा लोंबतो आहे, आणि तो मित्राच्या नाश्त्यातला टोस्ट मागतो. आपल्या अंत्यविधीला कोण आले होते, आपल्याला आवडणारी मुलगी किती रडली आणि मग दुसऱ्याच मुलाकडे सांत्वनाला कशी गेली, हे तो सांगतो. पुढच्या भेटीत त्याचा रंग हिरवट झालेला आहे, आणि शेवटी चित्रपटगृहात भेटतो तेव्हा हाडांवर नावालाच काही उरले आहे. शरीर दर भेटीत सडत जाते, स्वभाव मात्र तसूभरही बदलत नाही. विनोद एवढ्यातच आहे, आणि त्याचा दर भेटीतला निरोपही तोच आहे: तू जिवंत आहेस तोवर मला आणि तू ज्यांना मारशील त्यांना सुटका नाही, तेव्हा तू मर. सगळ्यांत हसरे पात्रच सगळ्यांत भयंकर मागणी घेऊन येते.

ही युक्ती आपल्या संस्कृतीत उतरवायला फार सोपी आहे, कारण मेलेल्याची इच्छा अपुरी राहिली की ती ओळखण्याचा विधी आपल्याकडे आहेच. दहाव्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही, की घाटावर जमलेली माणसे एकेक आश्वासन देऊ लागतात. समजा तुमचा मेलेला मित्र खानापूरचा आहे आणि दहाव्यानंतरच्या रात्री तो जिवंत मित्राच्या खोलीत येऊन बसला आहे. त्यांचे बोलणे असे लिहिता येईल:

“दहाव्याला गेलतो आज. मलप्रभेच्या घाटावर शेवटच्या पायरीवर बसून बघत होतो.”

“कुणाच्या दहाव्याला?”

“माझ्याच की रे. बारा वाजून गेले, कावळा काय येईना. बाबा म्हणाले, गाडी धाकट्याला देतो. काका म्हणाले, वाटणीचं भांडण आजपासून बंद. काका, बघ! वीस वर्षांत पहिल्यांदा. भटजींना दुसरीकडं जायचं होतं, ते सारखं घड्याळ बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि शिववला.”

“मग तू काहीतरी खूण करायची होतीस.”

“काय करू? आई हात जोडून विचारत होती, बाळा, तुझं काय राहिलंय ते सांग. तू राहिलायस, हे तिला कसं सांगू?”

या संवादात एकही वाक्य विनोद म्हणून लिहिलेले नाही. काकांचे भांडण, भटजींचे घड्याळ, दर्भाचा कावळा हे सगळे घाटावर उभे राहिलेल्या माणसाने पाहिलेले असते, आणि सांगणारा ज्याचा पिंड आहे तोच असल्यामुळे हसू येते. शेवटचे वाक्य त्याच ओघात, आवाज न बदलता यायला हवे. नटाने तिथे थांबून, डोळे मोठे करून ते टाकले तर सगळे वाया जाईल. त्या एका वाक्याने कथेचा नियमही प्रेक्षकापर्यंत पोहोचतो, त्यामुळे वेगळे स्पष्टीकरण लिहिण्याची गरज राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत रंगभूषा वाढवत न्यावी, पण तो पहिल्यासारखाच खुर्ची ओढून बसेल, चहाचे विचारील आणि घरच्या बातम्या सांगेल याची काळजी घ्यावी.

रूपांतर उजेडात करावे

लांडगा होण्याचा प्रसंग धूर आणि अंधारात उरकण्याकडे आपला कल असतो. लँडिस यांनी तो भरपूर उजेड असलेल्या बैठकीच्या खोलीत घेतला. रंगभूषाकार रिक बेकर यांनी हात, पाठ, जबडा लांबत जाताना कॅमेऱ्यासमोर दाखवले, आणि या कामासाठी त्यांना १९८२ च्या सोहळ्यात रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. त्या विभागाचा स्पर्धेतून दिलेला तो पहिला पुरस्कार होता. त्याआधीची तयारीही लक्षपूर्वक पाहा. डेव्हिड घरात एकटा आहे, त्याला कंटाळा आला आहे. तो फ्रीज उघडतो, पुस्तक हाती घेतो आणि ठेवतो, दूरदर्शन संच लावतो, पुन्हा फ्रीज उघडतो. वाट पाहण्याचा हा भाग लांबतो आणि थोडा गमतीचा होतो. मग अचानक अंग पेटल्यासारखा तो ओरडतो, आणि तिथून पुढे कोणतीही सवलत नाही.

त्या वेदनेच्या मध्यात हसू आणणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. सॅम कुक यांच्या आवाजातले ‘ब्लू मून’ हे मऊ, प्रेमळ गाणे पार्श्वभूमीला चालू आहे. खोलीतल्या मिकी माऊसच्या छोट्या बाहुलीवर कॅमेरा क्षणभर जातो. आणि हाडे मोडत असताना डेव्हिड मेलेल्या मित्राची क्षमा मागतो, की तुला मांसाचा गोळा म्हणालो ते चुकले. ते वाक्य ऐकून हसू येते, पण तो मनापासून बोलतो आहे. बस, एवढेच. कोजागरीच्या रात्री तुमचा नायक शहापुरातल्या जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत लांडगा होत असेल आणि गच्चीवर दूध आटत असेल, तर शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून म्हणावे, “येतोस न्हवं? दुधावर साय धरायला लागली.” आतून त्याने कसेबसे “आलो काकू” म्हणावे, आणि त्यातला दुसरा शब्द माणसाच्या गळ्यातून आलेला नसावा. काकू पुन्हा येऊ नयेत. दुसऱ्यांदा आल्या तर प्रेक्षक रूपांतर पाहायचे सोडून त्यांचीच वाट पाहू लागेल.

तुमच्याकडे बेकर यांची कार्यशाळा नसेल, तरी त्यांची एक युक्ती मोबाइलवरही जमते. केस उगवताना दाखवण्यासाठी त्यांनी नकली कातडीतून केस आत ओढून घेतले आणि ते चित्रण उलटे चालवले. लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या, पातळ पापुद्र्यात केस ओवून मागून सावकाश ओढा, जवळून चित्रित करा आणि संकलनात उलटे करा. चेहऱ्यावर क्रेपचे नकली केस चिकटवायचे असतील तर तो गोंद आदल्या दिवशी नटाच्या मनगटावर लावून पाहा आणि डोळ्यांच्या जवळ तो अजिबात नेऊ नका. खऱ्या लांडग्याच्या मागे मात्र जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, आणि जंगलाच्या हद्दीत चित्रीकरण करायचे तर वनखात्याची परवानगी लागतेच.

लांडगा कमी दाखवावा

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात एक सभ्य गृहस्थ गुरगुरणे ऐकतो. त्याला वाटते कोणीतरी टवाळी करत आहे, आणि हे अजिबात गमतीचे नाही, मी तक्रार करीन, असे तो रिकाम्या बोगद्याला सुनावतो. नंतर तो सरकत्या जिन्यावर कोसळतो, कॅमेरा उंचावरून पाहतो, आणि अगदी खाली, चौकटीच्या कडेला, लांडगा सावकाश आत येतो. त्या माणसाचा ताठा हास्यास्पद आहे, परंतु आपणही तसेच वागलो असतो हे जाणवून भीती वाटते. रायबाग-चिकोडीकडे हाच प्रसंग उसाच्या फडात घडवता येईल. तोडणीच्या नोंदी घेणारा कारखान्याचा चिटबॉय संध्याकाळी उशिरा बांधावरून चालला आहे, आतून पाचट वाजते, आणि तो बॅटरी मारून दरडावतो, “कोण हाय रे आत? ऊस मोडायचा असंल तर मालकाला विचारून मोड!” पाचट वाजायचे थांबते. तो समाधानाने चार पावले पुढे जातो. तिथे आवाजाचेच काम आहे. पाचटाची सळसळ उसातच ध्वनिमुद्रित करा, ती तयार आवाजांच्या संग्रहातून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हलक्या हाताने घ्यावी. चित्रपटात डेव्हिड प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या पिंजऱ्यात नागडा जागा होतो, एका मुलाचे फुगे घेऊन अंग झाकतो आणि उत्साहाने घरी येतो. रात्री काय झाले हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, त्याला नाही. म्हणून हसता हसता घास अडकतो. नायकाला रात्रीचे काहीही आठवत नाही, एवढा नियम पाळला तर हा प्रसंग तुम्हालाही जमेल.

शेवट मात्र सौम्य करू नका. त्या चित्रपटात डेव्हिड गल्लीत गोळ्या लागून मरतो, परिचारिका रडत असते, आणि क्षणाचाही विराम न देता श्रेयनामावलीवर तेच ‘ब्लू मून’ गाणे द मार्सेल्स यांच्या उडत्या चालीत सुरू होते. मधे शोकसंगीत नाही, काळा पडदा नाही. संकलन करताना हात आखडेल, इतका तो काप निष्ठुर आहे. तरीही तुमच्या लघुपटात रडण्याचा शेवटचा आवाज आणि नामावलीचे पहिले वाद्य यांच्यात जागा ठेवू नका.

काम पुरे झाले की दहा-बारा माणसांना ते दाखवा आणि स्वतः पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत कडेला बसा. लांडगा दिसतो त्या जागी कोणी हसले तर तेवढा तुकडा कापा. बहुधा तो गरजेपेक्षा जास्त वेळ दिसत असतो. मेलेल्या मित्राच्या बोलण्याला कोणीच हसले नाही तर विनोद वाढवू नका, तपशील तपासा. म्हणून त्या दहा-बारा जणांत घाटावर दहाव्याला बसलेली दोन-चार वयस्क माणसे जरूर असू द्या, आणि कावळ्याच्या प्रसंगात त्यांनी एखादी चूक दाखवली तर ती संहितेत त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.